चालतंय ना, मग हात कशाला लावता?

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला, दारूखान्यात, बंदराच्या जमिनीवर पत्र्याच्या गोदामांची रांग आहे. प्लेटा, चॅनेल, अँगल, जुन्या जहाजांचे सुटे भाग असं सगळं इथे विकलं जातं. २०१४ साली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका तोडण्यासाठी दारूखान्यात आली तेव्हा देशाचं लक्ष या भागाकडे गेलं होतं. एरवी जात नाही. इथला व्यवहार काट्यावर ठरतो आणि भांडण हिशेबावर होतं. हा हिशेब लाल वह्यांमधून कॉम्प्युटरमध्ये गेला, बहुतेक ठिकाणी टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये. आता टॅलीतून त्याची एक प्रत ‘वर’ जाते: गूगल ड्राइव्हवर, वनड्राइव्हवर किंवा डीलरने गळ्यात मारलेल्या एखाद्या बॅकअप सेवेवर. ती खरंच जाते का, नेणारा प्रोग्राम कुठल्या सालचा आहे, त्याचं अपडेट शेवटचं कधी घेतलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. चालतंय ना, मग हात कशाला लावता?

हा सवाल वाटतो तितका अडाणी नाही. अपडेट न घेतल्यामुळे बुडालेले आहेत, तसे घेतल्यामुळे बुडालेलेही आहेत, आणि दुसऱ्या गटातली काही उदाहरणं पहिल्यापेक्षा भयंकर आहेत. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करा’ एवढं सांगून मोकळं होणारा सल्ला इथल्या गाळ्यांत कुणी मनावर घेत नाही, यात नवल नाही. माझ्या मते गोम दुसरीकडेच आहे. या कामाला गाळ्यात धनी नाही. पण त्याकडे येण्याआधी दोन्ही बाजू नीट बघायला हव्यात.

सुरुवात कायद्यापासून करू, कारण बॅकअप ही आता हौस राहिलेली नाही. जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे, नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचा बॅकअप असा ठेवायचा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तरी वाजवी वेळेत त्या परत मिळवता याव्यात. त्या जपायच्या किती काळ, तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर ७२ महिने. गाळा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर अटी आणखी कडक होतात. हिशेबाच्या वह्या आठ वर्षं सांभाळायच्या, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातच असलेल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. आधी तो ठरावीक मुदतीने घेतला तरी भागत होतं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, ही भर पडली. रोजचा बॅकअप भारतात नसला तर ऑडिटर आता अहवालात तसं लिहून मोकळे होतात.

भंगाराच्या धंद्याला १० ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक ओझं आलं. नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं तर त्यावरचा कर घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने भरायचा. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या अडीच लाखांवरच्या व्यवहारात दोन टक्के टीडीएस कापायचा. हातगाडीवरून आलेल्या मालालाही आता स्वतःच्या नावाने बिल फाडावं लागतं. ज्या डेटात पूर्वी दिवसाला दहा नोंदी पडत तिथे आता कितीतरी जास्त पडतात, आणि त्यातली एकही गहाळ झाली तर नोटीस हमखास. आणि अपघाताचं म्हणाल, तर आग लागणं इथे कुणाला नवीन नाही. खुद्द माझगावच्या जीएसटी भवनाला १७ फेब्रुवारी २०२० रोजी मोठी आग लागली होती, आणि ते भवन इथून फार दूर नाही.

नियम ५७ पुन्हा वाचला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत घेतली एवढ्यावर तो थांबत नाही, ती परत मिळवता आली पाहिजे असं म्हणतो. अपडेटचा सगळा वाद या दुसऱ्या अटीपाशी येऊन पडतो.

आता ‘बॅकअपचं सॉफ्टवेअर’ म्हणजे नेमकं काय? व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर घड्याळाशेजारचं ढगाचं छोटं चित्र असतं, पण त्यामागे साखळी आहे. आधी हिशेबाचा प्रोग्राम, मग त्यातून निघालेली बॅकअपची फाइल, ती वर नेणारा प्रोग्राम, ज्यावर हे सगळं चालतं ते विंडोज, आणि पलीकडच्या टोकाला कंपनीचा सर्व्हर. यातली प्रत्येक कडी वेगळ्या वेगाने जुनी होते. टॅलीची नवी आवृत्ती हवी तर टीएसएस नावाची वर्गणी चालू लागते. वर्गणी संपली तरी टॅली चालू राहतं, म्हणून ती भरायची कशाला असा प्रश्न पडतोच. पण नव्या आवृत्तीत नेलेला डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे एका मशीनवर नवं टॅली आणि अडीअडचणीला ठेवलेल्या दुसऱ्यावर जुनं असेल, तर बॅकअप शाबूत असूनही तिथे तो उघडणार नाही. आठ वर्षं फाइल जपायची म्हणजे ती वाचणारा प्रोग्रामही जपायचा, हे कुणी सांगत नाही. क्रॅक टाकलेल्या प्रतींबद्दल तर बोलायलाच नको. त्यांना अपडेट घ्यायची सोयच नसते, आणि मशीनची खरी अवस्था डीलरला सांगायचीही चोरी.

पलीकडचं टोक आपल्या हातात अजिबात नाही. ड्रॉपबॉक्सने २०१६ मध्ये विंडोज एक्सपीला निरोप दिला. गूगलचा ‘बॅकअप अँड सिंक’ हा प्रोग्राम १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद झाला, त्याच्या जागी दुसरा बसवावा लागला. विंडोज ७ आणि ८ वरचं वनड्राइव्ह १ मार्च २०२२ पासून फाइली वर न्यायचं थांबलं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक जुनं मूळ सुरक्षा-प्रमाणपत्र कालबाह्य झालं आणि जगभरातली कितीतरी जुनी उपकरणं व प्रोग्राम एका दिवसात आपापल्या सर्व्हरला अनोळखी झाले. यातल्या कुठल्याही दिवशी दारूखान्यातला एकही काटा थांबला नसेल. मेख तिथेच आहे. प्रिंटर बंद पडला तर दहा मिनिटांत हार्डवेअरवाल्याला फोन जातो, कारण चलान निघत नाही आणि ट्रक दारात उभा असतो. बॅकअप बंद पडला तर कुणाचंच काही अडत नाही. ढगाच्या चित्रावर लाल फुली येते, ती टॅलीच्या खिडकीमागे झाकली जाते, आणि सहा महिन्यांनी डिस्क गेली की कळतं.

हे छोट्या गाळ्यातच होतं असं समजू नये. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. कंपनीकडे प्रत ठेवण्याच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती होत्या. रोजचा बॅकअप क्लाउडवर शोधायला गेले तर जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं. दोघांचं जमत नव्हतं म्हणून बॅकअप रोज फसत होता. तो फसल्याची ईमेलं निघत होती, पण मेल-सर्व्हर ती बनावट समजून परतवत होता. शेवटी एका कर्मचाऱ्याने वेगळ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने काढलेली प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचं काम गेलं. यातला दोष एकच: आवृत्ती मागे राहिली, आणि ती राहिल्याचं कुणाला कळलं नाही. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, याचं कौतुक करायला हवं. आपल्याकडे कुणी करेल असं वाटत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरचा दुसरा धोका चोरीचा. खंडणी मागणाऱ्या टोळ्या आधी बॅकअपकडे जातात. बॅकअप हाताशी असेल तर माणूस पैसे कशाला देईल? एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅस डब्यांवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यांवर, ‘क्यूलॉकर’चा हल्ला झाला. फाइली पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये कोंबल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितला. हल्लेखोर आत शिरले ते त्या डब्यावरच्या बॅकअप प्रोग्राममधून. त्यात कंपनीनेच एक पासवर्ड कायमचा लिहून ठेवला होता. प्रत सांभाळण्यासाठी घेतलेलं साधनच दार ठरलं. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण ज्यांच्या डब्यांनी ती घेतली नव्हती त्यांना तिचा उपयोग शून्य. ‘बॅकअप एक्झेक’ या जुन्या आणि नामांकित सॉफ्टवेअरमधली भोकं मार्च २०२१ मध्ये बुजवली गेली होती. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच भोकांतून एक टोळी आत शिरताना दिसली. दीड वर्ष दुरुस्ती हाताशी असून न घेणारे इतके होते. उलट ‘वीम’ या प्रोग्राममधल्या दोषाची दुरुस्ती सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला आली आणि ऑक्टोबरपर्यंत त्यावर हल्ले सुरू झाले होते. म्हणजे सवड कधी दीड वर्षाची, कधी महिनाभराची. आपल्या वाट्याला कुठली येईल ते आधी कळत नाही.

बॅकअपच्या धंद्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे, तो जाता जाता सांगायला हवा. बॅकअप एक्झेक पूर्वी ज्या व्हेरिटास कंपनीचं होतं, तिचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. तिथून बाहेर पडलेल्या मिलिंद बोराटे, जसप्रीत सिंग आणि रमणी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये पुण्यातच ‘द्रुवा’ ही बॅकअप कंपनी काढली. तिची आजची सेवा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर चालते. ग्राहकाने स्वतःचा बॅकअप-सर्व्हर ठेवायचाच नाही, म्हणजे त्याच्या अपडेटची काळजीही उरत नाही. ग्राहकाच्या मशीनवर फक्त एक छोटा प्रोग्राम राहतो. मोठ्या कंपन्यांसाठी हा चांगला तोडगा आहे. पण तो छोटा प्रोग्रामही जुना होतोच, आणि रे रोडच्या गाळ्याला अशी सेवा परवडण्याचा प्रश्न उरतो.

आता ‘हात कशाला लावता’ म्हणणाऱ्यांची बाजू. ती भक्कम आहे. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्याच प्रोग्रामचं अपडेट झालं. त्यात जुन्या नोंदी पुसणारा एक भाग होता, तो वाचायला सोपा व्हावा म्हणून सुधारला होता. सुधारलेली फाइल जुनी चालू असतानाच तिच्यावर टाकली गेली. अर्धवट चाललेल्या आज्ञेला आपण काय पुसायचं तेच कळेना आणि ती नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसत सुटली. सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधनगट. त्यातल्या चार गटांचा डेटा परत मिळालाच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्रामच्या ८४ व्या आवृत्तीनंतर काहींच्या अलीकडच्या फाइली दिसेनाशा झाल्या, तेव्हा पुढच्या आवृत्तीबरोबर त्या शोधून काढण्याचं साधन द्यावं लागलं. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचा गोंधळ तर सगळ्यांना आठवतो: एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली.

पण मुंबईकराने लक्षात ठेवावं असं उदाहरण खाडीपलीकडचं आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणारी कंपनी मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहातली, आणि मर्स्कचं जगभरचं जाळं त्या दिवशी ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने झोपवलं होतं. हा व्हायरस आला कुठून? युक्रेनमध्ये करविवरणं भरायला वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट-सर्व्हरवरच कब्जा केला होता. ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात चोर आधी शिरला. पुढे तो एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरला त्याला एक कारण उलट होतं: मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बुजवलेलं भोक कित्येक मशीनांवर उघडंच होतं. मेमरीतून पासवर्ड उचलण्याची युक्तीही त्याच्याकडे होती, त्यामुळे बुजवलेली मशीनंही वाचली नाहीत. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे करावे लागले. कंपनीच्या सगळ्या खात्यांची यादी ठेवणारे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवत. सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट आणि समोर दिसणारं बंदर अशा तिन्ही गोष्टी एका घटनेत आलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. त्यातून ‘अपडेट घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ यांपैकी काहीच निघत नाही. निघतं ते असं की एक तरी प्रत अशी हवी जिला कुठलाही प्रोग्राम, चांगला वा वाईट, त्या क्षणी हात लावू शकत नाही. गाळ्याच्या भाषेत, आठवड्यातून एकदा लावून काढून घेतलेली आणि शेठच्या घरी कपाटात ठेवलेली हार्डडिस्क. तिला नेटवरून कुणी पुसू शकत नाही. फक्त दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात.

क्लाउडच्या बाबतीत एक गैरसमज फार खोल आहे, तो इथेच काढलेला बरा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह मुळात फाइली जुळवून ठेवणारी सेवा आहे. इथे पुसलं की तिथेही पुसतं. इथली फाइल व्हायरसने बिघडवली की बिघडलेलीच वर जाते. जुन्या आवृत्त्या गूगल साधारणपणे ३० दिवस किंवा १०० प्रतींपर्यंत ठेवतं, तेवढाच आधार. टॅलीचा चालू डेटा सरळ त्या फोल्डरमध्ये ठेवणं तर उघड धोक्याचं, कारण नोंद चालू असतानाच अर्धवट फाइल उचलली जाऊ शकते. टॅलीतून बॅकअप काढून ती फाइल वर टाकावी, हे डीलर मंडळी सांगत असतात, आणि या बाबतीत ती बरोबर आहेत. शिवाय फुकटच्या खासगी खात्यात डेटा कुठल्या देशात ठेवायचा हे निवडता येत नाही. अ‍ॅमेझॉनने मुंबईत सर्व्हर-केंद्रं २०१६ मध्ये सुरू केली, गूगलने २०१७ मध्ये, पण त्यावर हक्क सांगायचा तर पैसे भरून घेतलेली सेवा लागते. प्रायव्हेट लिमिटेड असलेल्यांनी तरी फुकटात कायदा पाळला जातोय असं समजू नये.

मग अपडेट कधी घ्यावं? मोठी आवृत्ती आली की लगेच उडी मारण्याची गरज नाही. दोन-तीन आठवडे थांबावं, बाकीच्यांचं काय होतंय ते बघावं. सुरक्षेची दुरुस्ती मात्र आठवड्याच्या आत घ्यावी, विशेषतः इंटरनेटला उघड्या असलेल्या नॅस डब्याची. महिन्याच्या ११ तारखेच्या आणि २० तारखेच्या आगेमागे, म्हणजे जीएसटीची विवरणं भरताना, आणि मार्चअखेरीस काहीही हलवू नये. आधी पूर्ण प्रत काढावी आणि बॅकअप चालू असताना त्याचं अपडेट सुरू करू नये. क्योतोने तेवढं तरी शिकवलं. आणि झाल्यावर, ज्याला कुणी वेळ देत नाही ते काम करावं: क्लाउडवरची कालची प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवून टॅलीत उघडावी आणि दोन-चार मोठ्या पार्ट्यांची शिल्लक चालू मशीनशी ताडून पाहावी. याला अर्धा तास लागतो. अपडेट घेणं या कामापुढे दुय्यम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जो दर महिन्याला असं ताडून बघतो त्याचं जुनं सॉफ्टवेअर कधी ना कधी आपोआप पकडलं जातं. जो फक्त अपडेट घेत राहतो त्याला काहीच कळत नाही.

आता धनी कोण, हा मूळ प्रश्न. टॅली डीलरचा मुलगा म्हणतो, मी टॅलीपुरता. हार्डवेअरवाला म्हणतो, डेटा माझा नाही. अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतो आणि त्याला नोंदी पुऱ्या करायच्या असतात. सीएच्या ऑफिसातला आर्टिकल वर्षातून एकदा विचारतो, बॅकअप आहे ना? हो म्हटलं की फॉर्मवर खूण करतो. आणि शेठ या सगळ्यांना पैसे देतो, म्हणजे काम होत असणारच असं धरून चालतो. यात कुणी कामचुकार नाही. काम नेमून दिलेलं नाही, एवढंच.

त्यातून एक फार साधी अडचण उभी राहते आणि अपडेटची भीती बऱ्याचदा तिथून येते. मोठ्या अपडेटनंतर प्रोग्राम पुन्हा लॉगिन मागतो. खातं उघडलेलं असतं चार वर्षांपूर्वीच्या अकाउंटंटच्या खासगी जीमेलवर. ओटीपी जातो त्याच्या मोबाइलवर, आणि तो माणूस आता दुसऱ्या पेढीत असतो, कधी कधी फोन उचलत नाही. मग अपडेटची सूचना आली की ‘नंतर’ दाबणं हाच शहाणपणा ठरतो. तेव्हा पहिलं काम सॉफ्टवेअरचं नाही: खातं पेढीच्या नावाने, ओटीपीचा नंबर मालकाकडे, पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. त्यानंतर महिन्याचा एक दिवस आणि एक नाव. घरचा मुलगा किंवा मुलगी गाळ्यात बसत असेल तर त्याचं किंवा तिचं नाव, नाहीतर अकाउंटंटचं, आणि त्याला त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे. क्लाउडच्या वर्गणीपेक्षा हा खर्च जास्त पडेल आणि तो जास्त उपयोगी ठरेल.

राहतो काट्याचा पीसी, म्हणजे वजनकाट्याला जोडलेला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापराच्या मशीनांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. काट्याचे पीसी मात्र बहुतेक त्याहूनही जुने असतात. मागे सीरियल पोर्टची केबल, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि आत असं सॉफ्टवेअर की ते बनवणाऱ्याचा पत्ता आता कुणाकडे नसतो. नव्या विंडोजवर ते चालेल याची खात्री नाही, आणि काटा थांबवणं परवडत नाही. अशा मशीनला हात न लावणंच बरोबर. फक्त त्याची इंटरनेटची वायर काढावी, टॅली आणि क्लाउडचा प्रोग्राम तिथून उचलून दुसऱ्या, अपडेट मिळणाऱ्या मशीनवर न्यावा, आणि काट्याच्या चलानाची दुसरी प्रत रोज संध्याकाळी हाताने टॅलीत चढवावी. बरेच जण ती तशीही चढवतातच.